खर्जाचा जमीनदार

नाटकाच्या दिवशी जमीनदार बोलत नसत. सकाळी तोंड धुतल्यापासून रंगमंचावर पाऊल पडेपर्यंत एक शब्द नाही. चहा हवा असेल तर अंगठा ओठाला लावायचे, नको असेल तर तळहात आडवा करायचे, आणि कुणी फारच डोकं खाल्लं तर डोळे मोठे करून असे बघायचे की तो माणूस आपोआप गप्प व्हायचा. दिवाळी ते होळी वडशाच्या नाटक कंपन्यांना उसंत नसते. आज कुरखेडा, उद्या सिंदेवाही, परवा चामोर्शी. त्यामुळे अख्खा हिवाळा जमीनदार मुकेच असत म्हटलं तरी चालेल. एकदा सुट्टीच्या दिवशी मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आवाज म्हणजे कोठीतला धान, बाई. दिवसाच काढून खाल्ला तं राती कायचा भात शिजवता?"

नाव जमीनदार, पण त्यांच्या नावावर वीतभर वावर नव्हतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात वडशाच्या एका राइस मिलमध्ये ते पोती उचलायचे. मात्र नाटकांत वीसेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नाही. दुष्ट जमीनदार, नाही तर दुष्ट पाटील, नाही तर दुष्ट सावकार. गावोगावची माणसं त्यांना जमीनदारच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वैनीला, बाजारात कुणी "काय जी जमीनदारीणबाई" म्हटलं की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांचं खरं नाव कंपनीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं.

मी मूळची वरोऱ्याची. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गात होते, तिथून एका ओळखीच्या बाईबरोबर वडशाला आले आणि झाडीपट्टीच्या नाटकात अडकले ती अडकलेच. पहिल्याच नाटकात मी गरिबाची पोर आणि समोर हे. आमच्याकडे तालमी नावालाच. नाटकाची वही प्रॉम्प्टरच्या हातात असते. तो विंगेत बसून वाक्य सांगतो, आणि नट ते ऐकून असं बोलतो की जणू त्याच्याच पोटातून आलं. याला कान तयार लागतो, आणि माझा तेव्हा नव्हता. जमीनदारांनी पहिलं वाक्य रंगमंचावर न येता आतूनच टाकलं. पुढे बसलेल्या बायांनी लेकरं मांडीत ओढली आणि मी प्रॉम्प्टरला ऐकायचंच विसरले. तो बिचारा ओरडून ओरडून सांगतोय, पब्लिक खुदखुदायला लागलंय, आणि मी खांबासारखी उभी. जमीनदारांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "बोलत का नाहीस पोरी? मला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आहे. जीव गेला तरी या दाराची पायरी चढणार नाही, हेच ना?" मी म्हटलं, "हेच!" टाळी पडली. नंतर आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार कायचे? तुमी अडकल्या असत्या तं माह्या पुढचा डायलॉग अडकला असता."

आवाज मात्र असा होता की तसा मी पुन्हा ऐकला नाही. गाणारे ज्याला खर्ज म्हणतात ते अगदी खालचे सूर, जिथं बाकीच्यांचा नुसता वारा निघतो, तिथं हे आरामात मांडी घालून बसायचे. पण झाडीपट्टीत गाणी नायकाची, आणि नायक काळी चारच्या पट्टीत, गळ्याच्या शिरा ताणून गाणारा. लोकांना तेच लागतं. तिथं वन्समोअर मिळतो, तिथं नोटा लागतात. जमीनदारांना फार तर एखादं दारू पिऊन म्हणायचं मग्रूर गाणं. त्यावर त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "खर्जवाल्याले नाटकात पोरगी भेटत नाई, बाई. त्याले वाडा भेटते, बंदूक भेटते, आन शेवटी पोलीस भेटते."

हसून सांगायचे, पण ते त्यांना लागत होतं, हे मला चंद्रपूरला कळलं. तिथल्या एका सभागृहात दुपारचा कार्यक्रम होता आणि झाडीपट्टीचा खलनायक म्हणून यांचा सत्कार. एकटं जायला नको म्हणून मलाही घेऊन गेले. सत्काराला उत्तर म्हणून भाषण न करता त्यांनी एक भजन म्हटलं. गावच्या भजनी मंडळात ते उन्हाळाभर म्हणायचे, तसंच, पायानं ताल धरून. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी एक जाडजूड साहेब बसले होते, त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि हात जोडून ऐकलं. भजन संपलं, क्षणभर सगळे तसेच बसून राहिले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "जमीनदार, एक डायलॉग होऊन जाऊ द्या!" मग काय, सगळेच ओरडले. त्यांनी डायलॉग मारला, पत्रा उडेल अशी टाळी झाली. परतीच्या बसमध्ये मूल गाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, भजन लोकांना इतकं आवडलं की टाळ्या वाजवायचं सुचलंच नाही. ते म्हणाले, "मले मालूम हाये. पण एक डाव तरी लोकं माह्या बाजूनं रडले पायजे, बाई. वीस वर्षं झाले, माह्या मरणावर शिट्ट्याच वाजून राह्यल्या."

खाण्याचं त्यांचं पथ्य कंपनीत प्रसिद्ध होतं. ज्या गावात नाटक, तिथलं मंडळ आम्हाला जेवण देतं, आणि झाडीतला माणूस पाहुण्याला जेवू घालायला बसला की मागेपुढे बघत नाही. कोंबडीचा लालभडक रस्सा, वडे, मिरचीचा ठेचा. जमीनदार मात्र वरण-भात कालवून त्याचा गिलावा करायचे आणि बोटाच्या टोकावर येईल एवढा घास घ्यायचे. तिखटाचा थेंब चालत नसे. वडा दिला तर त्याचे चार तुकडे, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे. आमचे मालक, ज्यांची कंपनी आणि जे नाटकंही स्वतःच लिहायचे, ते मला ऐकवायचे, "बघा बाई, गाणाऱ्यानं असं जेवायचं असतं. तुम्ही ठेचा चाटता आणि मग आवाज बसला म्हणून रडता." मी ओशाळायचे आणि दोन दिवस वरण-भात खायचे.

पथ्यातून एक गोष्ट मात्र सुटली होती, ती खर्रा. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून हातावर घोटायचा आणि गालात धरायचा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी लोक खर्रा विचारतात. कलावंताला तर मानानं देतात. जमीनदार कुठल्याही गावात उतरले की कुणी ना कुणी पन्नी पुढे करायचाच, आणि मान मोडायचा नाही म्हणून हे घ्यायचे. मी एकदा टोकलं की एवढं पथ्य पाळता आणि हे कशाला? म्हणाले, "तोंड तं दिवसभर बंदच राह्यते माह्यं. रिकामं काऊन ठेवायचं?" या उत्तरावर मी पोट धरून हसले होते. आता आठवलं की हसू येत नाही.

आणि दात आवळून बोलणं. आधी ते तसे बोलत नसत, पहिल्या वर्षांत तर गडगडाटी हसायचे. मग हळूहळू हसणं कमी झालं, त्या जागी नाकातून एक हुंकार यायला लागला, आणि शब्द आवळलेल्या दातांच्या फटीतून, एकेक करून. लोकांना ते इतकं भयंकर वाटलं की विचारू नका. बाकीच्या कंपन्यांतले खलनायकही दात आवळायला लागले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं दात आवळून जमीनदारांची नक्कल करायची. मालक म्हणायचे, माणूस वयाबरोबर मुरतो तो असा. सगळ्यांना ते पटत होतं. मलाही पटत होतं, आणि मी तर प्रत्येक प्रयोगात त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी असायची.

मग मालकांनी ते नाटक लिहिलं. वैनगंगेच्या घाटावरचा नावाडी, बायको नाही, एकच पोर. पोरीचं लग्न होतं आणि बापच तिला आपल्या नावेतून पैलतीरी सासरी सोडायला निघतो. चंद्रपूरच्या कार्यक्रमाला मालकही मागच्या रांगेत होते. ते भजन त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. नावाडी त्यांनी जमीनदारांसाठी लिहिला, आणि शेवटचं गाणं खर्जात बांधून घेतलं. "जा गं पोरी, पाणी उतरलं आता." एवढीच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणायची, आणि 'आता'वर लांब आकार. वाचन झालं त्या दुपारी जमीनदार वडशाच्या ऑफिसात खुर्चीत बसून राहिले. मी म्हटलं, या वेळी पोलीस नाही भेटणार. ते म्हणाले, "पोरगी भेटली ना." आणि डोळे पुसायला लागले. मीच ती पोरगी होते, त्यामुळे मलाही पुसावे लागले.

पहिला प्रयोग आरमोरीकडच्या एका गावात झाला. आमची नाटकं रात्री सुरू होतात आणि दिवस उगवताना संपतात, त्यामुळे निरोपाचा प्रवेश आला तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. पोर बापाला आपल्या हातानं शेवटचा घास भरवते, असं वहीत होतं. तालमीत आम्ही नुसते हात हलवले होते. त्या दिवशी मंडळानं खरा दहीभात आणून ठेवला. मी चांगला मोठा घास केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. तोंड उघडलं, पण बोटभरच. घास दातांवर आपटला आणि भात त्यांच्या छातीवर सांडला. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून दुसरा लहान घास नेला, तोही आत जाईना. बोट लागलं तर गाल आतून चामड्यासारखा ताठ, आणि त्या अंतरावरून आतलं पांढुरकं दिसलं. जमीनदारांनी माझा हात धरून खाली घेतला आणि मान फिरवली. समोर हजारो माणसं हुंदके देत होती. त्यांना वाटलं, लेक निघाली म्हणून बापाच्या तोंडात घास जात नाही. असा अभिनय कुणी पाहिला नाही, असं मंडळाचे अध्यक्ष नंतर माइकवरून बोलले.

मग गाणं झालं. खालचे सूर भरून आले, पण 'आता'चा आकार काही उघडला नाही, मिटल्या ओठांतून गुणगुणल्यासारखा निघाला. लोकांना तोही गोड लागला. मी मात्र नावेत उभी राहून गार पडले होते. तिखट न खाणं, बोटभर घास, आवळलेले दात, गेलेलं हसणं, सगळं एका ओळीत लागलं. आम्ही ज्याला पथ्य म्हणत होतो आणि ज्याला कला म्हणत होतो ते दुखणं होतं, आणि ते वर्षानुवर्षं टाळ्या घेत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांच्या शेजारी बसून मी स्पष्ट विचारलं, तोंड केव्हापासून उघडत नाही? पण तो नाटकाचा दिवस होता. त्यांनी तळहात आडवा केला. तिसऱ्या दिवशीही नाटक, चौथ्याही. मी बोलायची आणि ते बोट ओठांवर ठेवून समोर बघायचे. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. मुका माणूस भांडणात नेहमी जिंकतो. शेवटी मधे एक मोकळा दिवस आला तशी मी त्यांच्या घरी धडकले आणि वैनी आणि मी, अशा दोघींनी त्यांना एस.टी.त घालून गडचिरोलीला एका दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं जेवढं दिसलं तेवढं बघितलं आणि सरळ सांगितलं. खर्ऱ्यानं तोंड आतून आखडत गेलंय, ते एक. दुसरं, डाव्या गालात आत एक जखम आहे, ती तिला बरी दिसत नाही. तिचा तुकडा तपासायला हवा आणि बहुतेक ऑपरेशन. नागपूरला जा, याच आठवड्यात जा, थांबू नका. वैनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. जमीनदारांनी विचारलं, "होळीनंतर गेलं तं नाई चालत का?" डॉक्टर म्हणाली, होळीपर्यंत ते कुठवर पसरेल ते मी सांगू शकत नाही.

बाहेर येऊन मी बोलायला लागले तर म्हणाले, "बाई, आता लोकं रडून राह्यले माह्यासाठी. बाया स्टेजजवळ येऊन पाया पडते. वीस वर्षं थुंकले माह्यावर तेच लोकं. हे एक सीझन करू द्या मले. मंग कापू द्या काय कापायचं ते." वैनी म्हणाल्या, "आन तुमीच नाई राह्यले तं?" त्यांनी खिशातली पन्नी काढून गटारात फेकली. खर्रा त्या दिवसापासून सोडला, हे खरं. पण नागपूरचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी नाटक असायचंच, आणि नाटकाच्या दिवशी जमीनदार बोलत नसत. मालकांना सांगितलं. ते घाबरले, जमीनदारांच्या हातापाया पडले, नाटक बंद करतो म्हणाले. जमीनदारांनी पाटीवर लिहून दाखवलं, तुम्ही बंद केलं तर दुसऱ्या कंपनीत जातो.

दर प्रयोगाला मी त्यांच्या तोंडाशी घास न्यायची आणि दर प्रयोगाला तो थोडा आणखी लहान करावा लागायचा. लोक रडायचे, मंडळं खूश व्हायची. मला रात्रभर गाणी म्हणायचं काही वाटत नव्हतं, पण तो प्रवेश नकोसा व्हायचा. आणि एका पहाटे, ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात, विंगेत उभी असताना मला कळलं की हा माणूस फक्त एकाच जागी माझ्यापुढे मुका राहू शकत नाही.

प्रवेश सुरू झाला. पब्लिक घोंगड्या पांघरून बसलं होतं, मागे शेकोट्या विझत आल्या होत्या. मी घास केला आणि हातातच धरून ठेवला. म्हटलं, "बाबा, आधी तोंड उघडा."

प्रॉम्प्टर विंगेतून ओरडला, "बाबा, हा शेवटचा घास!" मी तिकडे बघितलं नाही. जमीनदारांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, ती नजर मी ओळखत होते. डोक्यावर माइक लटकत होता, त्यामुळे मला कानात सांगायची सोय त्यांना नव्हती.

"नाही उघडत ना?" मी म्हटलं. "तुम्हाला दुखणं आहे, बाबा, आणि तुम्ही ते लपवून ठेवलंय. मी पैलतीरी गेल्यावर तुमच्याकडे कोण बघणार?"

"पोरी, वऱ्हाड खोळंबलंय," ते दातांतून म्हणाले. वहीत नसलेलं वाक्य होतं ते. मला परत वहीत ओढायला बघत होते.

"खोळंबू दे. उद्याच्या उद्या दवाखान्यात जातो, असा शब्द द्या. नाही तर मी नावेत पाय ठेवत नाही."

मी नावेत पाय ठेवला नाही तर नाटक संपत नाही. ऑर्गनवाल्यानं उगाच दोन सूर वाजवले आणि थांबला. प्रॉम्प्टर वहीची पानं पुढेमागे करत होता. लोकांना तर हे नाटकच वाटत होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "देऊन टाका ना जी शब्द. पोट्टी रडून राह्यली." मागून आणखी बाया बोलायला लागल्या, "पोरीचं ऐका ना बाबा." जमीनदारांना माझा राग आला होता, ते दिसत होतं, आणि त्या बायांकडे बघून रडूही येत होतं.

"जातो," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगा."

"जातो, माय. उद्याच जातो."

त्या पहाटेचं गाणं मी विसरणार नाही. तोंड बोटभर उघडत होतं, पण छाती भरून आली होती, आणि खर्ज त्या पत्र्याच्या मंडपात असा पसरला की पायाखालच्या फळ्या मला हलल्यासारख्या वाटल्या. कुणीतरी तो प्रवेश मोबाइलवर घेतला. पुढे तो गावोगाव फिरला, काय अभिनय, काय अभिनय, असं लोक लिहीत होते. प्रयोगानंतर रंगपटात मिशी-दाढी काढताना जमीनदार माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं नाई केलं तुमी, बाई. माह्यं नाटक मोडलं." मी म्हटलं, मोडू दे.

त्यानंतरच्या सकाळी ते ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर वैनीबरोबर पिशवी घेऊन उभे होते. मी पोचवायला गेले. म्हणाले, "तुमच्यासाठी नाई जाऊन राह्यलो. गावासमोर बोललो म्हनून." झाडीत गावासमोर दिलेला शब्द मोडत नाहीत, मग तो रंगवलेल्या तोंडानं दिलेला का असेना. बस सुटली, त्यांनी खिडकीतून हात काही केला नाही.

नागपूरला डाव्या बाजूचा गाल आणि जबड्याचा भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत थांबले असते तर काढण्यासारखं काही उरलं नसतं. आवाज गेला नाही, गळा शाबूत होता. पण शब्द गेले. ओठ मिटत नव्हते, जीभ हलत नव्हती, जे निघायचं तो नुसता सूर. मी दवाखान्यात भेटायला गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. वैनी बाहेर येऊन म्हणाल्या, "रागात हायत ते अजून." मला वाटलं, जिवंत आहेत ना, मग राहा म्हणावं रागात. आणि जिन्यात बसून रडले.

उरलेला सीझन दुसऱ्या बापाबरोबर केला. होळी झाल्यावर त्यांच्या गावी गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते, अर्धं तोंड दुपट्ट्यानं झाकलेलं. मी बराच वेळ एकटीच बोलत राहिले. पूर्वीही एकटीच बोलायची, पण तेव्हा त्यांचं गप्प राहणं त्यांच्या मर्जीचं होतं. शेवटी म्हटलं, "तुमचं सगळ्यात आवडतं नाटक मी मोडलं, मला माहीत आहे. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन." ते उठले आणि घरात गेले. परत बाहेर आले नाहीत. पावसाळाभर मी त्यांच्याकडे गेले नाही, आणि वैनीला फोन केला तरी त्यांचं नाव काढलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर नाटक पुन्हा सुरू झालं. नवा बाप चांगला होता, पण गाणं त्याला खाली झेपेना म्हणून पट्टी वर घेतली होती. लोक ऐकत होते, रडत मात्र कमी होते. जमीनदारांच्या गावाशेजारीच एक प्रयोग लागला. पहाटे निरोपाचा प्रवेश सुरू होण्याआधी बक्षिसांची पुकार झाली. आमच्याकडे कुणाचं काम आवडलं तर नाटक थांबवून, माइकवर नाव घेऊन, रंगमंचावर येऊन बक्षीस देतात. निवेदकानं चिठ्ठी वाचली, "सदाशिवभाऊंकडून नाटकातल्या मुलीला साडी-चोळी." कोण सदाशिवभाऊ, हे मला कळेना. मग पायऱ्यांवरून वैनी आल्या, हातात साडीचं पुडकं, आणि त्यांच्यामागून दुपट्ट्यानं तोंड झाकलेले जमीनदार.

वैनीनं साडी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती माझ्या ओटीत ठेवली. निवेदक पोरगा नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. रीतीप्रमाणे त्यानं माइक पुढे केला आणि म्हणाला, "भाऊ, दोन शब्द." मी माइक बाजूला करायला हात पुढे केला तेवढ्यात जमीनदारांनी तो स्वतःच घेतला. दुसऱ्या हातानं दुपट्टा सोडला. पहिल्या रांगेतल्या बायांच्या तोंडून हाय निघाली. त्यांना तो चेहरा बघूनही ओळखता येत नव्हता.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली, अगदी तळातून, सूर लावला. शब्द नव्हता, शब्द यायची सोयच नव्हती. नुसता खर्ज, पायरी पायरीनं वर येणारा. दुसऱ्या वळणावर मंडपानं माणूस ओळखला. "अरे, जमीनदार हायत," असं कुणीतरी हलकेच म्हणालं, आणि पुढच्या बाया त्या सुरावर शब्द घालायला लागल्या. जा गं पोरी, पाणी उतरलं आता. आधी चारदोन जणी, मग सगळ्या, मग मागे उभे असलेले पुरुष. ते सूर धरत होते आणि लोक शब्द देत होते, आणि घोंगडीत तोंड खुपसून रडतही होते, त्यांच्याच बाजूनं.

गाणं संपल्यावर जमीनदार पायऱ्या उतरून गेले. निरोपाचा प्रवेश तसाच राहिला होता. नवा बाप येऊन उभा राहिला, प्रॉम्प्टरनं मला वाक्य दिलं, पुन्हा दिलं, मी साडी छातीशी धरून उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मालकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पडदा पाडला.